गान्सब्रुकच्या स्वयंपाकघराने कुठलाही तह केलेला नाही

गान्सब्रुक, पुलाजवळची खाणावळ
सेंट मार्टिनच्या सणानंतरचा मंगळवार, १७५७

तीर्थरूप लिहावं तर तुम्ही माझ्याहून लहान, चिरंजीव लिहावं तर माझे यजमान गेल्यापासून त्साइडलर घराण्याचे कर्ते पुरुष तुम्हीच. तेव्हा दोन्ही सोडून नुसतंच लिहिते : नेपोमुकभावोजी, तुमच्या वहिनीचा, वाल्बुर्गाचा, तुम्हाला नमस्कार. तुमची मान कशी आहे? दिवसभर व्हिएन्ना दरबारच्या कचेरीत वाकून तहनाम्यांच्या नकला उतरवल्यावर ती धरणारच. हंसाची चरबी कोमट करून लावा आणि वर लोकरी पट्टा गुंडाळा (कचेरीत लाज वाटत असेल तर रेशमी गुंडाळा, पण गुंडाळा). ओटिलीला माझा आशीर्वाद. ती गुणाची आहे, तुम्हाला सहन करते. इकडे मी ठणठणीत आहे, छप्पर गळत नाही, बिअर उत्तम जमली आहे, आणि मला अजून कोणी फासावर दिलेलं नाही. ही शेवटची बातमी वाचून तुम्हाला हायसं वाटलं की वाईट वाटलं, ते तुमचं तुम्ही बघा.

तुमचं पत्र मिळालं. फार उशिरा मिळालं, कारण टपालाचा सरळ रस्ता मध्यंतरी शत्रूच्या मुलखातून जायला लागला, मग तो मुलूख दोस्ताचा झाला, तोवर टपालवाला वळसा घालून स्वित्झर्लंडात पोचला होता. पत्रात तुम्ही लिहिता, ‘वहिनी, आपण घरात शत्रूचा माणूस लपवला आहे असे कानावर आले. त्यास ताबडतोब अंमलदाराच्या हवाली करावे, अन्यथा आपला व त्साइडलर घराण्याचा संबंध संपला असे समजावे.’ अक्षर सुरेख आहे, वाद नाही. पण भावोजी, कोणता शत्रू? तुम्ही लिहिलंत तेव्हा शत्रू होता तो माझा फ्रेंच. पत्र पोचलं तेव्हा फ्रेंच पुन्हा आपले जिवलग झाले होते आणि शत्रू होता तो माझा प्रशियन. त्या वेळी दोघेही समोरच बसले होते. मी पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. तेव्हा माझं उत्तर असं, की मी कोणालाही कोणाच्याही हवाली केलेलं नाही, करणार नाही, आणि ते का, हे तुम्हाला सविस्तर कळावं म्हणून हा एवढा कागद खर्ची घालते आहे.

सुरुवात झाली माझ्या परकरापासून. (ओटिलीसमोर हा भाग मोठ्याने वाचू नका, किंवा वाचा, तिला हसू येईल.) वसंतात तुमच्या व्हिएन्नाची आणि पॅरिसची गळाभेट चालू होती, बर्लिनला, म्हणजे प्रशियाला, धडा शिकवायचा होता, आणि त्यासाठी निघालेली एक फ्रेंच पलटण आमच्या पुलावरून जाताना माझ्या अंगणात मुक्कामाला राहिली. व्हिएन्नाच्या पाठोपाठ आमच्या राजेसाहेबांचा हुकूम होता की फ्रेंच म्हणजे भाऊ, त्यांना काही कमी पडू देऊ नये. राजेसाहेबांचं राज्य ते केवढं! सकाळी एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस ‘देव भलं करो’ म्हणतो. पण हुकूम मात्र थेट सम्राटासारखे. तर त्या दिवशी वारा सुटला, आणि वाळत घातलेला माझा लाल परकर उडून चेरीच्या शेंड्यावर जाऊन फडकायला लागला. पलटणीतल्या कुणा शहाण्याला ते शत्रूचं निशाण वाटलं, दोघे-चौघे बंदुका उचलायला लागले, आणि गोद्री नावाचा कॉर्पोरल ‘थांबा, बाईमाणसाचं वस्त्र आहे!’ असं ओरडत झाडावर चढला. परकर त्याने काढला, अगदी अदबीने घडी घातली, माझ्याकडे टाकला, वरूनच लवून नमस्कार केला, आणि नमस्कारासाठी हात लागतो नि फांदीसाठीही हात लागतो हे विसरल्यामुळे खाली आला. पाय मोडला. पलटण दुसऱ्या दिवशी निघून गेली. गोद्री माझ्या मागच्या खोलीत राहिला. आता तुम्हीच सांगा, जो माणूस माझ्या परकरापायी पाय मोडून घेतो त्याला मी काय रस्त्यावर ठेवू?

माणूस सालस. तिकडे फ्रान्सात रूआंला त्याची बायको आणि चार मुली आहेत, त्यांची नावं तो रोज झोपण्यापूर्वी क्रमाने म्हणतो. आपली भाषा त्याला दोन-तीन शब्दांच्या वाक्यांपुरतीच येते. ‘मादाम चांगली. सूप वाईट. मी करतो.’ आणि खरोखरच त्याने खुर्चीत बसून, पाय स्टुलावर ठेवून, माझ्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. कांदा म्हणजे नुसता चिरून टाकायची वस्तू नसून त्याच्यापाशी सकाळभर बसून त्याची समजूत काढावी लागते, हे मला या वयात कळलं. गिऱ्हाइकं वाढली.

आणि मग, पेंटेकॉस्टच्या सणाच्या सुमारास, चौकात दवंडी पिटली गेली की व्हिएन्ना आणि बर्लिन यांची दिलजमाई झाली! सिलेशिया प्रांत, ज्यापायी एवढी वर्षं एकमेकांची डोकी फोडली, तो बर्लिनने परत दिला, बदल्यात सॅक्सनीचा मोठा लचका घेतला (सॅक्सनीला कोणी विचारल्याचं ऐकिवात नाही), आणि दोघं मिळून आता पॅरिसवर चालून जाणार. तो तहनामा तुमच्याच हातून उतरला असणार, भावोजी. चांगल्या अक्षरात असल्यामुळे तो खरा वाटला असेल. आमचे अंमलदार पिस्टोरियस, ज्यांना राजेसाहेबांचे हुकूम वाचताना उंची वाढल्यासारखं वाटतं, त्यांनी पिंपावर चढून जाहीर केलं : ज्याच्या घरी फ्रेंच सापडेल त्याचं घर जप्त, आणि लपवणाराला फास.

मी घरी आले. गोद्री कांदा परतत होता. मी त्याला म्हटलं, ‘तू आजपासून शत्रू.’ त्याने विचारलं, ‘कोणाचा?’ मी म्हटलं, ‘माझा.’ तो जरा विचारात पडला आणि म्हणाला, ‘मीठ तू बघ.’

भावोजी, इथे मला थोडं गंभीरपणे लिहायचं आहे, रागावू नका. तुमचे थोरले बंधू किलियन मागच्या लढाईत गेले तेव्हा आमचे राजेसाहेब पॅरिसच्या बाजूने होते आणि किलियनना लागलेली गोळी व्हिएन्नाच्या फौजेची होती. त्यांची बातमी आली तेव्हा राजेसाहेबांकडून सांत्वनाचा निरोप आला : ‘शत्रूचा सूड घेतला जाईल.’ त्यानंतर वर्षही झालं नव्हतं, तोच दुसरा निरोप आला की व्हिएन्ना आता आपली आई आहे, त्यांच्या फौजेचं स्वागत दारात तोरण बांधून करावं. मी तोरण बांधलं. बांधताना अंमलदारांना विचारलं, ‘मग मी आता रागवायचं कोणावर?’ ते म्हणाले, ‘त्याबद्दल हुकूम आलेला नाही.’ तुम्हीही त्याच व्हिएन्नाच्या कचेरीत लेखणी घासायला गेलात. मी तुम्हाला कधी दोष दिला नाही, आजही देत नाही, पोट सगळ्यांना आहे. पण त्या दिवशी तोरणाची गाठ मारताना मी एक ठरवून टाकलं, की शत्रू कोण आणि दोस्त कोण हे यापुढे माझ्या उंबऱ्याच्या आत मी ठरवणार. बाहेर त्यांना काय घालायचा तो गोंधळ घालू दे.

तर गोद्रीचा झाला कास्पर. माझा लांबचा भाऊ, बव्हेरियाच्या डोंगरातला, जन्मापासून मुका-बहिरा. मुका यासाठी की तोंड उघडलं की पॅरिस बाहेर पडतं, आणि बहिरा यासाठी की अंमलदार काही विचारतील. त्याने हे काम इतकं मन लावून केलं की एकदा त्याच्यामागे हंडा पडला तर मीच दचकले, तो ढिम्म.

बर्लिनशी सोयरीक जुळली म्हटल्यावर प्रशियन फौज पुलावर येणारच. आली. माझ्या घरी उतरवला सार्जंट थिलो राडेमाखर. त्या माणसाबद्दल मी काय लिहू? आडवा देह, मेण लावून दोन्हीकडे टोकदार केलेल्या मिशा, आणि आवाज असा की बोलायला लागला की फळीवरचे पेले एकमेकांवर आपटतात. लढाईच्या आधी पिंपं बांधायचा म्हणे. घरात पाऊल टाकल्याबरोबर माझ्या बिअरच्या पिंपांवर टिचकी मारून म्हणाला, ‘मालकीणबाई, हे गळतं.’ मी म्हटलं, ‘माझ्या लग्नातलं आहे ते.’ तर म्हणतो, ‘म्हणूनच.’ असा उद्धट! त्याची तुकडी सॅक्सनीकडे पुढे निघून गेली आणि हा काही आजारी घोड्यांची देखभाल करायला मागे राहिला. घोडे बरे होईनात. (दिवसभर माझ्या कुरणात चरायला मिळाल्यावर कोणता घोडा बरा होईल?) सकाळ-संध्याकाळ तो आणि ‘कास्पर’ समोरासमोर बसून जेवायचे. सार्जंट एकटाच बोलायचा, कास्पर ढिम्म बसायचा. सार्जंटचं म्हणणं होतं की असा चांगला श्रोता त्याला आयुष्यात मिळाला नव्हता.

मग आला तो रविवार. प्रार्थनेनंतर अंमलदार पिस्टोरियस जेवायला आले (ते बोलावण्याची वाट बघत नाहीत). कास्परने सकाळपासून कांद्याचं सूप केलं होतं, सोनेरी, घट्ट. मी वाढायला घेणार, इतक्यात सार्जंट उठला, म्हणाला, ‘याला जरा जीव पाहिजे,’ आणि हातातला बिअरचा मग त्याने अख्खा त्या पातेल्यात ओतला.

‘खुनी! रानटी! माझ्या सूपाचा जीव घेतलास!’

हे सगळं अस्सल फ्रेंचमध्ये, खणखणीत आवाजात, माझ्या मुक्या भावाच्या तोंडून. अंमलदारांचा चमचा हवेत थांबला. मी काय करणार? पातेल्याशेजारी गुडघे टेकले आणि ओरडले, ‘चमत्कार! कास्परला वाचा फुटली!’

अंमलदार म्हणाले, ‘पण ही भाषा कोणती?’

सगळ्यांनी सार्जंटकडे पाहिलं. त्याने अर्धं आयुष्य फ्रेंचांविरुद्ध काढलेलं, फ्रेंच शिव्या त्याला आपल्या आईच्या हाकेसारख्या ओळखता यायच्या. त्याने पातेल्याकडे पाहिलं. कास्परकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग टोपी काढली, छातीशी धरली आणि म्हणाला, ‘आमच्या पोमेरेनियात असंच बोलतात.’ अंमलदारसाहेब आयुष्यात कधी आमच्या जकात नाक्यापलीकडे गेलेले नाहीत. बव्हेरियाच्या माणसाला ती भाषा कशी आली हे न विचारता त्यांनी मान डोलावली आणि चमचा तोंडात घातला.

नंतर अंगणात तो मला म्हणाला, ‘मालकीणबाई, पोमेरेनियात असं कोणी बोलत नाही.’

‘ठाऊक आहे मला.’

‘मग?’

‘मग काय? जा, द्या पकडून. तो बसलाय आत, पळू शकत नाही.’

त्याने मिशीचं एक टोक पिळलं. ‘सूप संपलं की बघू,’ म्हणाला. भावोजी, माझ्या घरात सूप संपत नाही.

पण चमत्कार एकदा झाला की तो आपला राहत नाही. आमच्या फादर सेव्हेरिनना कित्येक वर्षांपासून मनात सलत होतं की शेजारच्या गावातली मूर्ती आसवं गाळते आणि गान्सब्रुकमध्ये काहीच होत नाही. ते धावत आले. त्यांच्यामागे अर्धा गाव आला. कोणी आजारी गाय आणली, कोणी वांझ कोंबडी. पाणचक्कीवाल्या ल्योर्शरची बायको आपल्या बहिऱ्या नवऱ्याला ओढत घेऊन आली, कास्परने त्याच्या कानाला हात लावावा म्हणून. म्हाताऱ्याने दाराची चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि ओरडला, ‘मला नकोय ऐकू यायला! इतक्या वर्षांनी घरात शांतता मिळालीय!’ मी त्याला बिअर दिली आणि मागच्या दाराने सोडलं. अंमलदारांनी मात्र चमत्काराचा अहवाल राजेसाहेबांना पाठवला, आणि राजेसाहेबांचा हुकूम आला : राजेसाहेबांच्या वाढदिवशी, भर चौकात, या कास्परने आपल्या नव्या वाचेने बर्लिनच्या मैत्रीबद्दल चार शब्द बोलावेत.

आता फ्रेंच माणसाने, चमत्काराने पोमेरेनियाची भाषा फुटलेल्या बव्हेरियनाचं सोंग आणून, मोडक्या भाषेत, प्रशियाची स्तुती करायची. सार्जंट राडेमाखरने त्याला एक वाक्य शिकवायला घेतलं : ‘बर्लिनची मैत्री चिरायू होवो.’ गोद्री म्हणायचा, ‘बर्लिनची माती चिरायू होवो.’ सार्जंट म्हणायचा, ‘मैत्री!’ हा म्हणायचा, ‘मिशी.’ ते दोघं माझ्या चुलीपाशी बसून दिवस-दिवस हेच करत होते, आणि मी आपली पेले पुसत विचार करत होते की या एका शब्दावर आम्हा तिघांचे गळे टांगलेले आहेत. तिसरा गळा सार्जंटचा का, असं विचाराल तर त्यालाही मी तेच विचारलं होतं. ‘तुम्ही कशाला यात पडता? निघून जा घोडे घेऊन.’ तो म्हणाला, ‘घोडे आजारी आहेत.’ मी खिडकीतून पाहिलं. घोडे कुंपणावरून उड्या मारत होते.

वाढदिवस उजाडला. चौकात मंच, मंचावर फुलं, राजेसाहेब स्वतः आले नव्हते (त्यांचा संधिवात), त्यांची तसबीर खुर्चीत बसवली होती. एका बाजूला अंमलदार, मधे कुबडी घेतलेला गोद्री, दुसऱ्या बाजूला बर्लिनचा प्रतिनिधी म्हणून निळा कोट झटकून, मिशा चकचकीत करून आमचा सार्जंट. मी पहिल्या रांगेत. गोद्रीने श्वास घेतला, ‘बर्लिनची...’ म्हणाला, आणि तेवढ्यात राजधानीचा घोडेस्वार गर्दीतून वाट काढत मंचापाशी आला. अंमलदारांनी लखोटा फोडला. वाचता वाचता त्यांचा चेहरा आधी पांढरा आणि मग जांभळा झाला. व्हिएन्नाने बर्लिनशी तह मोडला होता! रशियाचं पीटर्सबर्ग पॅरिसला मिळालं होतं, व्हिएन्ना घाईघाईने त्यांच्यात जाऊन बसलं होतं, आणि या क्षणापासून फ्रेंच दोस्त आणि प्रशियन शत्रू.

अंमलदारांनी मान वर केली. त्यांच्यापासून दोन पावलांवर निळा कोट.

‘धरा त्याला!’ ते किंचाळले. ‘शत्रू आहे तो! टांगा!’

चौकीदार पुढे सरकले. सार्जंट जागचा हलला नाही, फक्त एकदा माझ्याकडे पाहिलं. बाईमाणसाने मंचावर चढू नये असा गान्सब्रुकचा रिवाज आहे. मी चढले. पायऱ्या दुसऱ्या टोकाला होत्या, म्हणून फुलांवरून चढले. आणि त्याच्यापुढे उभी राहिले. मी म्हटलं, ‘हा माझ्या घरी जेवतो. कोणी हात लावून दाखवा.’

‘त्साइडलरबाई, बाजूला व्हा! राजेसाहेबांनी तह केला आहे!’

‘राजेसाहेबांनी केला असेल. माझ्या स्वयंपाकघराने केलेला नाही. फ्रेंचांशी केला नाही, प्रशियनांशी केला नाही, तुमच्याशीही केलेला नाही, आणि तुम्ही दर रविवारी तिथे येऊन बसता!’

लोक हसले. अंमलदारांना ते झोंबलं. त्यांनी चौकीदाराच्या हातातला दोर स्वतः ओढून घेतला. तेवढ्यात माझ्या शेजारी टक् असा कुबडीचा आवाज झाला. गोद्री पुढे आला. त्याने छाती काढली, सार्जंटच्या निळ्या कॉलरला धरलं, आणि पलटणीतला आवाज काढून म्हणाला, ‘मी, कॉर्पोरल गोद्री, फ्रान्सची फौज. हा माझा कैदी. मी पकडला. आत्ता.’

सार्जंटने मुकाट दोन्ही हात पुढे केले.

म्हाताऱ्या ल्योर्शरने बायकोला विचारलं काय झालं म्हणून, ती म्हणाली, ‘नंतर सांगते.’ अंमलदारांनी लखोटा पुन्हा उघडून पाहिला. दोस्त सैन्याने धरलेल्या कैद्याला हात लावणं म्हणजे दोस्ताचा अपमान, आणि दोस्ताचा अपमान म्हणजे फास, हे त्याच लखोट्यात खाली लिहिलेलं होतं.

‘म्हणजे हा फ्रेंच आहे?’ शेवटी ते म्हणाले. ‘म्हणजे एवढे दिवस तुम्ही शत्रू लपवला होतात!’

‘मी दोस्त सांभाळला होता,’ मी म्हटलं. ‘राजेसाहेबांना त्याची दोस्ती उशिरा आठवली, त्याला मी काय करू?’

फादर सेव्हेरिन गर्दीतून हळूच म्हणाले, ‘मग चमत्कार?’ त्यांचा चेहरा असा उतरला होता की मला वाईट वाटलं. मी म्हटलं, ‘फादर, एका फ्रेंचाने प्रशियनाचा जीव वाचवला. आता शेजारच्या गावाने रडूनच दाखवावं.’ ते थोडे सावरले.

आणि मग, भावोजी, जे झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. रोटीवाल्याची बायको क्रेसेंट्स, जी कधी कोणाशी मोठ्याने बोलत नाही, तिने हात वर करून विचारलं, ‘मग माझ्या पिठाच्या कोठीत दोघं प्रशियन आहेत, त्यांना कोणी धरलंय असं लिहायचं?’ तिच्या मागून चांभार म्हणाला, ‘माझ्याकडे एक फ्रेंच आहे, उन्हाळ्यापासून. आता बाहेर काढला तर चालेल ना? त्याला ऊन लागत नाहीये.’ कोणाच्या गोठ्यात, कोणाच्या तळघरात. फादर सेव्हेरिन खाकरले आणि म्हणाले की घंटाघरात व्हिएन्नाच्या फौजेतले दोन हंगेरियन पळपुटे आहेत, पण ते घंटा वाजवतात, आणि चांगली वाजवतात. सगळं गाव, भावोजी! एकमेकांना न सांगता, प्रत्येकजण आपापला शत्रू पोसत होता, आणि प्रत्येकाला वाटत होतं की राजद्रोही काय तो आपण एकटाच. गोद्रीने तिथल्या तिथे क्रेसेंट्सचे दोघेही कैद केले, चांभाराच्या फ्रेंचाला त्यांच्यावर पहारेकरी नेमलं, आणि अंमलदार दवंडीच्या ढोलावर जे बसले ते लोक घरी गेले तरी उठले नाहीत. मी त्यांना सूप पाठवलं. बिअर घातलेलं.

तेव्हा तुमच्या पत्राला हे उत्तर. अंमलदार व्हिएन्नाला तक्रार लिहिणार आहेत, तुम्हाला कचेरीत बोलावून जाब विचारतील. खुशाल सांगा की ही बाई हट्टी आहे आणि आमचं ऐकत नाही. खोटं बोलावं लागणार नाही. संबंध तोडायचा तर तोडा. पण उद्या तुमची बाजू हरली, आणि कचेरीतून हाकलून दिलेला, मान धरलेला एक नक्कलनवीस पुलावर येऊन उभा राहिला, तर त्याला मी काय वाढायचं हे कोणत्याही लखोट्यात बघून ठरवणार नाही, एवढं लक्षात असू द्या.

तुमची (तुम्हाला हवी असो वा नसो) वहिनी,
वाल्बुर्गा

ता. क. चरबी हंसाचीच. बदकाची चालणार नाही.

ता. क. आणखी एक बारीकसं काम होतं. विधवेने पुन्हा लग्न करायचं तर मयताच्या घराण्यातल्या कर्त्या पुरुषाची लेखी संमती लागते, नाहीतर खाणावळ घराण्याकडे परत जाते, असं फादर सेव्हेरिन म्हणतात. शत्रूशी लग्न करायला राजेसाहेबांची बंदी आहे, पण दोस्ताच्या कैद्याशी करायला कुठल्याच हुकुमात मनाई नाही, हे आम्ही सगळे हुकूम चुलीपाशी बसून वाचून पाहिलं. सार्जंट राडेमाखरच्या उद्धटपणाबद्दल मी वर जे लिहिलं आहे त्यातला शब्दही मागे घेत नाही. पण त्याने माझं लग्नातलं पिंप सुटं केलं, एकेक फळी तासली, आणि पुन्हा बांधून दिलं, आणि किलियनच्या हातची खूण असलेली फळी तेवढी न तासता तशीच पुढच्या बाजूला ठेवली. मी काही सांगितलं नव्हतं. लग्न नाताळाआधीचा आगमनाचा उपास सुरू होण्यापूर्वी उरकायचं आहे. गोद्री कैद्याला चर्चपर्यंत बांधून आणणार आहे आणि मग साक्षीदार म्हणून सही करणार आहे. संमती लगेच पाठवा.

ता. क. तुम्ही नाही म्हणाल असा विचार मनात आला म्हणून पुन्हा पाकीट उघडलं. ओटिलीचं पत्र मला तुमच्या पत्राच्या आधी मिळालं होतं. बर्लिनचा राजदूत व्हिएन्ना सोडून रातोरात पळाला तेव्हा त्याचा आचारी मागे राहिला. तो तुमच्या माळ्यावर आहे. ओटिलीला रागावू नका, आणि वर जाण्याआधी जिन्यात खाकरा, तो जिवाला घाबरलेला आहे. संमतीपत्र तुमच्या त्या सुरेख अक्षरातच लिहा. आमचे अंमलदार वाचताना अडखळतात.